आइनस्टाइनचा सहायक, अणुबॉम्ब प्रकल्पातला पोरगा आणि 'बेसिक'चा जन्मदाता : कोण होते जॉन केमेनी?

१० प्रिंट हॅलो
२० गोटू १०

या दोन ओळी वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी कधी ना कधी 'बेसिक' शिकलेलं आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर हा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. पहिली ओळ कॉम्प्युटरला सांगते की हॅलो लिही. दुसरी सांगते की परत १० नंबरच्या ओळीवर जा. मग कॉम्प्युटर हॅलो, हॅलो, हॅलो लिहीतच सुटतो, कुणी थांबवेपर्यंत. १९८०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतली शाळकरी पोरं कॉम्प्युटरच्या दुकानात शिरायची, मांडून ठेवलेल्या मशीनवर हॅलोच्या जागी काहीतरी वात्रट टाइप करायची आणि दुकानदार यायच्या आत पसार व्हायची.

ती पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातले कित्येक जण आता हौसेने जुने कॉम्प्युटर शोधून काढतात, दुरुस्त करतात, पुन्हा चालू करतात. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, ॲपल टू. अशी मंडळी जमली की सगळ्यात आवडती प्रोग्रॅमिंगची भाषा कोणती यावर हमखास वाद रंगतो. कुणी पास्कलचं नाव घेतं, कुणी फोर्थचं, कुणी थेट असेंब्लीचं. पण पहिली भाषा कोणती असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं. बेसिक.

गंमत अशी की ज्या बेसिकवर हे लोक इतका जीव टाकतात, ती तिच्या जन्मदात्याला मुळीच पसंत नव्हती. या गृहस्थांचं नाव जॉन केमेनी. त्यांचं आयुष्य एखाद्या वेब सीरिजला पुरेल एवढं भरलेलं आहे, पण आपल्याकडे त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

बुडापेस्टहून न्यूयॉर्क

केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ चा, हंगेरीची राजधानी बुडापेस्टमधला. घर ज्यू. १९३८ मध्ये हिटलरने शेजारचा ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा वडिलांनी पुढचं ओळखलं. ते आधी एकटे अमेरिकेला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी बायको-मुलांना बोलावून घेतलं. आजोबांनी मात्र देश सोडायला नकार दिला. पुढे ज्यूंच्या हत्याकांडात आजोबा गेले, एक आत्या-मावशीच्या नात्यातली बाई गेली, एक काका-मामा गेला.

चौदा वर्षांचा जॉन न्यूयॉर्कला पोहोचला आणि मॅनहॅटनमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. तीन वर्षांत तो त्या शाळेतून पहिल्या नंबराने बाहेर पडला. नवी भाषा, नवा देश, मागे युरोपात राहिलेल्या नातेवाइकांची काळजी, हे सगळं असताना.

१९४३ मध्ये त्याने प्रिन्स्टन विद्यापीठात गणित आणि तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला. पण पदवी पूर्ण व्हायच्या आधीच लष्कराने त्याला उचललं आणि एका गुप्त ठिकाणी पाठवलं.

सतरा मशीन आणि तीन आठवडे

ते ठिकाण म्हणजे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातलं लॉस अलामॉस. 'ओपनहायमर' सिनेमा पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. अणुबॉम्ब तिथे बनत होता. एकोणीस वर्षांच्या केमेनीला जो विभाग मिळाला, तिथे त्याचे साहेब होते रिचर्ड फाइनमन. पुढे नोबेल मिळवणारे तेच फाइनमन.

काम होतं आकडेमोडीचं. आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते तेव्हा तिथे नव्हतं. आयबीएम कंपनीची हिशेबाची यंत्रं होती, बँका आणि कचेऱ्यांसाठी बनवलेली. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एका यंत्रात घालायची, बाहेर आलेली उचलून दुसऱ्यात घालायची, मग तिसऱ्यात. अशी सतरा यंत्रं, तीन पाळ्या, चोवीस तास काम. इतकं करून एकच समीकरण सुटायला दोन-तीन आठवडे लागायचे.

हे तीन आठवडे लक्षात ठेवा, कारण केमेनी ते आयुष्यभर विसरले नाहीत. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी हिशेब मांडून दाखवला होता. लॉस अलामॉसमध्ये त्यांनी जी आकडेमोड वर्षभर केली, तेवढी आपल्या कॉलेजातला एक साधा विद्यार्थी एका दुपारी करू शकतो, आणि तीही त्याच कॉम्प्युटरवर आणखी शंभर जण काम करत असताना. त्या काळात असा कॉम्प्युटर कॉलेजच्या सर्वसाधारण पोरांच्या हातात द्यावा, हे जगात जवळपास कुणालाच सुचलं नव्हतं. तो कसा दिला गेला, तीच या गोष्टीची खरी मध्यवर्ती घटना.

लॉस अलामॉसमध्येच त्यांची ओळख आणखी एका हंगेरियन माणसाशी झाली. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन. आपला आजचा मोबाइलसुद्धा ज्या रचनेवर चालतो, ती रचना नॉयमन यांच्या नावाने ओळखली जाते.

युद्ध संपलं, केमेनी प्रिन्स्टनला परतले. १९४९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी पीएचडी केली. मार्गदर्शक होते ॲलोन्झो चर्च, म्हणजे ॲलन ट्युरिंग यांचेही गुरू. पीएचडी चालू असताना केमेनी अल्बर्ट आइनस्टाइन यांचे गणिती सहायक होते. आइनस्टाइन तेव्हा निसर्गातली सगळी बलं एकाच सिद्धांतात बसवायच्या मागे लागले होते आणि त्याची समीकरणं तपासायला त्यांना गणिताचा पक्का माणूस लागत असे.

फाइनमन, नॉयमन, चर्च, आइनस्टाइन. एखाद्याच्या बायोडेटात यांतलं एक नाव असलं तरी तो आयुष्यभर सांगत फिरला असता.

डोंगरातलं कॉलेज, कॉम्प्युटर नाही

१९५३ मध्ये केमेनी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजात आले. सत्ताविसाव्या वर्षी पूर्ण प्राध्यापक आणि लगेच दोन वर्षांत गणित विभागाचे प्रमुख. कॉलेज नावाजलेलं, पण बोस्टनपासून लांब, थंड, डोंगराळ भागातलं. तिथे कॉम्प्युटर नव्हता.

१९५६ मध्ये त्यांनी थॉमस कर्ट्झ नावाच्या तरुण गणितज्ञाला आपल्या विभागात आणलं. त्या वेळी न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांना एमआयटीतला आयबीएम ७०४ थोडाफार वापरता यायचा. म्हणून कर्ट्झ दर दोन आठवड्यांनी प्रोग्रॅमच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन ट्रेनने बोस्टनला जायचे, तिथे कार्डं द्यायचे, संध्याकाळी निकालाचा कागद घेऊन परत. एखाद्या कार्डावर एक चूक झाली असेल, तर ती कळायची त्याच दिवशी, पण सुधारून परत चालवायला आणखी दोन आठवडे.

या पद्धतीला बॅच प्रोसेसिंग म्हणतात. कॉम्प्युटर इतका महाग की त्याचा एक मिनिटही वाया जाता कामा नये, माणसाचे पंधरा दिवस गेले तरी चालतील. सगळी व्यवस्था मशीनच्या सोयीने आखलेली. केमेनी यांना हेच उलटं करायचं होतं.

त्यांचा आणखी एक आग्रह होता आणि तो त्या काळात वेड्यासारखा वाटायचा. डार्टमथमधली बहुतेक पोरं सायन्सची नव्हती. ती इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकून पुढे कंपन्यांत आणि सरकारात मोठ्या जागांवर बसणार होती. केमेनींचं म्हणणं होतं की उद्या कॉम्प्युटरबद्दलचे निर्णय हीच माणसं घेतील, मग त्यांनी त्याला कधी हातच लावला नसेल तर कसं चालेल? त्यामुळे कॉम्प्युटर प्रत्येक विद्यार्थ्याला मिळाला पाहिजे. फुकट. कारण न विचारता. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन कुणीही कोणतंही पुस्तक काढून चाळतो, तसा.

पंगतीतला वाढपी

पण एक कॉम्प्युटर शेकडो पोरांना कसा पुरणार? यावरचा उपाय कर्ट्झ यांना एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी सुचवला. हे मॅकार्थी म्हणजे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव देणारे. गंमत म्हणजे त्यांनाही आधी डार्टमथला केमेनींनीच आणलं होतं.

उपायाचं नाव टाइम शेअरिंग. पंगत आठवा. वाढपी एक, पानं पन्नास. तो एका पानापुढे बसून त्या माणसाचं पूर्ण जेवण होईपर्यंत थांबत नाही. प्रत्येकाला थोडंथोडं वाढत पुढे जातो आणि फिरून परत येतो. तो पुरेसा चपळ असेल तर प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडे नीट लक्ष आहे. कॉम्प्युटरनेही तसंच करायचं. एकाच्या प्रोग्रॅमला सेकंदाचा छोटासा तुकडा, मग दुसऱ्याच्या. माणूस विचार करतो, बोटांनी हळूहळू टाइप करतो, त्या वेळात मशीनला बाकीच्यांचं काम करून यायला भरपूर सवड असते.

सरकारच्या विज्ञान संस्थेकडे पैशांसाठी अर्ज केला, तेव्हा तिथे शंका काढली गेली. कारण हे सगळं बनवणार होती पदवीला शिकणारी मुलं. पण पैसे मिळाले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. अनेक जणांना एकाच वेळी मशीन वाटून देणारी व्यवस्था माइक बुश आणि जॉन मॅकगीची या विद्यार्थ्यांनी लिहिली.

आणि भाषेचं काय? तेव्हाच्या भाषांपैकी फोर्ट्रान शास्त्रज्ञांची, कोबोल व्यापाऱ्यांची. फोर्ट्रानमध्ये साधी ओळ लिहायलासुद्धा स्वल्पविराम कुठे, रकाना कितवा, संख्या पूर्णांक की दशांशातली, असे शंभर नियम. इतिहासाचा विद्यार्थी पहिल्याच तासाला पळून गेला असता. कर्ट्झ यांना आधी वाटत होतं की फोर्ट्रानचीच एखादी सोपी आवृत्ती काढावी. केमेनी म्हणाले की नवीच करू. छोट्या भाषा बनवायचे त्यांचे एक-दोन प्रयोग आधी करून झालेच होते.

१९६३ च्या शरदात केमेनींनी नव्या भाषेचा कंपायलर लिहायला घेतला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा दुभाषा. कॉलेजात कॉम्प्युटर अजून यायचाच होता. तो आला फेब्रुवारी १९६४ मध्ये. १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमाराला, कॉलेजच्या एका इमारतीच्या तळघरात, शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन टर्मिनलवर केमेनी आणि एक विद्यार्थी बसले. दोघांनी एकाच वेळी 'रन' टाइप केलं. दोघांनाही बरोबर उत्तर आलं.

आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो, त्याच तारखेला बेसिकचा वाढदिवस असतो.

बेसिकमध्ये एवढं सोपं काय होतं?

पहिल्या बेसिकमध्ये जेमतेम चौदा-पंधरा आज्ञा होत्या. लेट, प्रिंट, इफ, फॉर, नेक्स्ट, गोटू, एंड. सगळे रोजच्या इंग्रजीतले शब्द. मशीनशी काम सुरू करायचं तर हॅलो टाइप करायचं, संपवायचं तर गुडबाय. संख्या पूर्णांक आहे की दशांश, हे मशीनच बघून घेणार. वापरणाऱ्याने डोक्याला ताप करून घ्यायचा नाही.

ओळींना नंबर का, हा प्रश्न नव्या पोरांना हमखास पडतो. त्याचं उत्तर स्क्रीनमध्ये आहे, म्हणजे स्क्रीन नसण्यात. तेव्हाचं टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, तारखात्यातल्या यंत्रासारखं खडखडाट करत कागदाच्या गुंडाळीवर छापणारं. छापलेल्या कागदावर मागे जाऊन खोडता येत नाही. मग ३० नंबरची ओळ चुकली तर ३० लिहून ती ओळ नव्याने टाइप करायची, जुनी आपोआप जाते. आणि नंबर १०, २०, ३० असे सोडून द्यायचे ते मध्ये एखादी ओळ आठवली तर २५ नंबर टाकून घुसवता यावी म्हणून. कपडे शिवताना शिंपी आत थोडी माया सोडतो ना, तसं.

विद्यार्थ्यांनी काय केलं? जे कुठलेही विद्यार्थी करतील तेच. गणिताचे प्रश्न सोडवले आणि मग गेम बनवले. यात सरही मागे नव्हते. १९६५ च्या मोसमात डार्टमथच्या अमेरिकन फुटबॉल संघाने प्रिन्स्टनला हरवलं. मॅच झाल्यावरच्या रविवारी केमेनी बसले आणि त्यांनी त्या सामन्याचा गेम बेसिकमध्ये लिहून काढला. स्वतः प्रिन्स्टनचे माजी विद्यार्थी असून. कॉम्प्युटरवरच्या अगदी सुरुवातीच्या क्रीडा-गेमपैकी तो एक मानला जातो.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मात्र भाषेच्या बाहेरचा होता. डार्टमथने बेसिक विकायला काढली नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी, आपल्या मशीनवर बसवावी. केमेनी आणि कर्ट्झ यांना त्यातून काही मोठा पैसा मिळाला नाही. आसपासच्या शाळा आणि छोटी कॉलेजं टेलिफोनच्या तारेवरून डार्टमथच्या कॉम्प्युटरला जोडली गेली. जनरल इलेक्ट्रिकने हीच व्यवस्था घेऊन आपली व्यावसायिक सेवा उभी केली, आणि १९६८ मध्ये सिॲटलमधल्या लेकसाइड नावाच्या शाळेने त्या सेवेचं एक टेलिटाइप टर्मिनल घेतलं. तिथे एक तेरा वर्षांचा मुलगा बेसिक शिकला. त्याचं नाव बिल गेट्स.

तळघरातून थेट घराघरांत

जानेवारी १९७५ च्या एका अमेरिकन मासिकात अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर झळकला. सुटे भाग मागवून घरी जोडायचा. त्याला ना कीबोर्ड, ना स्क्रीन. नुसते खटके आणि दिवे. हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या, पण त्याच्याशी बोलायचं कसं? गेट्स आणि त्याचा मित्र पॉल ॲलन यांनी अल्टेअर डोळ्यांनी न पाहताच त्याच्यासाठी बेसिक लिहिली. ॲलन ती कागदी पट्टीवर भरून विमानाने अल्बुकर्कला घेऊन गेला आणि ती चालली. मायक्रोसॉफ्टचं पहिलं उत्पादन हेच. म्हणजे फुकट वाटलेल्या भाषेवर एक मोठं साम्राज्य उभं राहिलं. यात बेकायदा काही नव्हतं. पण वर्षभराने हौशी लोक आपल्या बेसिकच्या फुकट प्रती काढतात म्हणून गेट्सने त्यांना खरमरीत जाहीर पत्र लिहिलं, ते वाचताना डार्टमथची आठवण येतेच.

हौशी लोकही गप्प बसले नाहीत. त्यांनी 'टायनी बेसिक' नावाने अगदी चिमुकल्या मेमरीत बसणाऱ्या आवृत्त्या लिहिल्या आणि मासिकांत छापून टाकल्या, ज्याला हव्या त्याने उतरवून घ्याव्यात. स्टीव्ह वॉझनियाकने ॲपलसाठी स्वतःची बेसिक लिहिली. १९७७ नंतर जो-तो घरगुती कॉम्प्युटर बेसिक पोटात घेऊनच येऊ लागला. कमोडोर ६४ चालू केला की निळ्या स्क्रीनवर ३८९११ बाइट्स बेसिकसाठी मोकळे आहेत अशी ओळ यायची, खाली रेडी आणि लुकलुकणारा चौकोन. स्पेक्ट्रमच्या रबरी कीबोर्डवर तर एक बटण दाबलं की प्रिंट हा अख्खा शब्द उमटायचा.

या काळाबद्दल जुनी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. मासिकात पानंच्या पानं छापलेला प्रोग्रॅम एकाने वाचायचा, दुसऱ्याने टाइप करायचा. दोन तासांनी रन केलं की चूक. मग एकेक ओळ ताडून बघायची. सेव्ह करायचं ते साध्या ऑडिओ कॅसेटवर, ज्यावर आपल्याकडे भावगीतं भरली जायची तसल्याच. ती लोड होताना कर्कश किंकाळ्या यायच्या, आणि पाच मिनिटांनी शेवटच्या क्षणाला फसली तर पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्यात मजा काय होती, असा प्रश्न आमच्या पिढीला पडू शकतो. पण मशीन चालू केल्यावर ते तुम्हाला काही विकायला येत नव्हतं. रिकामी स्क्रीन समोर असायची आणि पुढे काय करायचं ते तुम्ही सांगायचं. हे आजच्या फोनमध्ये नाही, हे मान्य करावं लागेल.

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिक्षणाची 'क्लास' योजना सुरू केली, तेव्हा निवड झाली बीबीसी मायक्रोची. त्यामुळे भारतातल्या कित्येक मुलांचीही पहिली भाषा बेसिकच ठरली. पुढे नव्वदीत आणि त्यानंतरही चपला बाहेर काढून जायच्या त्या एसी लॅबमध्ये जीडब्ल्यू-बेसिक आणि क्यूबेसिक शिकवली जायची. हॅनोव्हर नावाच्या अमेरिकन गावातल्या तळघरापासून तिथवरचा धागा सरळ आहे.

आणि सर नाराज झाले

तर मग केमेनी खूश व्हायला हवे होते. ते झाले नाहीत.

छोट्या मशीनमध्ये मेमरी चार हजार बाइट. एखादा मराठी व्हॉट्सॲप फॉरवर्डही त्यात मावणार नाही. त्यात बसवायला बेसिकला कापाकापी करावी लागली. डार्टमथची बेसिक कंपायलरवर धावायची, ही ओळीओळीने रखडायची. प्रत्येक कंपनीची आवृत्ती वेगळी, एका मशीनचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. काही करायचं तर पीक आणि पोक अशा आज्ञांनी थेट मेमरीत हात घालायचा, म्हणजे मशीनच्या आतलं कळलं पाहिजे. आणि वापरणाऱ्याला तेच कळायची गरज पडू नये, यासाठी तर केमेनींनी सगळा खटाटोप केला होता.

तोवर डार्टमथमधली मूळ बेसिक कुठच्या कुठे गेली होती. तिच्यात सत्तरच्या दशकातच नीट रचना करायच्या सोयी आल्या होत्या, गोटूवाचून काम भागत होतं. बाहेरचं जग मात्र गोटूच्या गुंत्यात अडकलेलं. १९७५ मध्ये नेदरलँड्सचे नामवंत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी अत्यंत बोचऱ्या शब्दांत लिहिलं की बेसिक शिकलेल्या मुलांची बुद्धी कायमची अधू होते, त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य. आणि हे ऐकून घ्यावं लागलं बेसिकच्या नावाला, म्हणजे केमेनींना.

त्यांनी आणि कर्ट्झनी या बाजारातल्या अवताराला नाव दिलं 'स्ट्रीट बेसिक', रस्त्यावरची बेसिक. १९८३ मध्ये दोघांनी कंपनी काढली आणि ट्रू बेसिक, म्हणजे खरी बेसिक बाजारात आणली. १९८५ मध्ये आपलं म्हणणं मांडणारं एक पुस्तकही लिहिलं. ट्रू बेसिक भाषा म्हणून स्वच्छ होती, सगळ्या मशीनवर सारखी चालायची. पण उशीर झाला होता. रस्त्यावरची बेसिक मशीनसोबत फुकट येत होती आणि खरी विकत घ्यावी लागत होती.

माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तांत्रिकदृष्ट्या केमेनी बरोबर होते. पण त्यांचं मूळ स्वप्न, की कॉम्प्युटर कुणाचीही परवानगी न घेता कुणाच्याही हाती यावा, ते स्ट्रीट बेसिकनेच डार्टमथच्या आवाराबाहेर नेलं. वाकडीतिकडी, तुटपुंजी, तरीही कोट्यवधी मुलांची.

कॉलेजचे प्रेसिडेंट आणि अणुभट्टीचा अपघात

मधल्या काळात केमेनी डार्टमथचे प्रेसिडेंट होऊन गेले, १९७० ते १९८१. या एका कारकिर्दीवर वेगळा लेख होईल. १७६९ पासून मुलांपुरतं असलेलं हे कॉलेज १९७२ मध्ये मुलींना खुलं झालं, माजी विद्यार्थ्यांचा मोठा विरोध असताना. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शिक्षणासाठी म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेतून पहिल्या दोनशे वर्षांत त्यांच्यातले वीस जणही पदवीधर झाले नव्हते. केमेनींनी त्यांच्यासाठी दारं उघडली. आणि एवढा पसारा सांभाळताना ते दर वर्षी दोन विषय वर्गात जाऊन शिकवत राहिले.

मार्च १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पात गाभ्याचा काही भाग वितळला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्ष केलं केमेनींना. सहा महिन्यांत अहवाल आला, तो कुणालाच फारसा आवडला नाही. एखादा पंप किंवा व्हॉल्व्ह बिघडला एवढ्यावर आयोगाने विषय संपवला नाही. मुख्य बिघाड माणसांच्या प्रशिक्षणात, कंपनीच्या कारभारात आणि नियम लावणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या गाफीलपणात आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं. कंट्रोल रूममध्ये सुरुवातीच्या काही मिनिटांत शंभरहून जास्त अलार्म वाजले, त्यातला महत्त्वाचा कोणता ते कळायला मार्ग नव्हता. आणि अलार्मची नोंद छापणारा कॉम्प्युटरचा प्रिंटर प्रत्यक्ष घटनेच्या अडीच तासांहून जास्त मागे पडला होता.

मशीनच्या सोयीसाठी माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, असं ज्याने वीस वर्षं सांगितलं, त्याच्याच हाताखालच्या अहवालात ही नोंद जावी, हा योगायोगच.

१९७२ मध्ये केमेनींनी माणूस आणि कॉम्प्युटर यांच्या नात्यावर एक पुस्तक लिहिलं होतं. १९९० च्या सुमाराला घरोघरी टर्मिनल असतील, देशभर कॉम्प्युटरचं जाळं असेल आणि वाचकाला आपल्या आवडीच्या बातम्यांचं वर्तमानपत्र घरबसल्या मिळेल, असा अंदाज त्यात होता. तारीख थोडी हुकली. बाकी तुम्ही हे ज्यावर वाचताय त्याकडे बघा.

२६ डिसेंबर १९९२ रोजी हृदय बंद पडून केमेनी गेले. वय ६६. त्याच्या आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणली होती आणि पुढे बरीच वर्षं कचेऱ्यांमधली हिशेबाची, साठ्याची, पगाराची सॉफ्टवेअर तिच्यात लिहिली गेली. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणारे आपल्याकडचे अकाउंटंट आजही तिच्याच वंशजाशी बोलतात. थॉमस कर्ट्झ ९६ वर्षांचे होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले. आणि जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांच्या गप्पांमध्ये आजही बेसिकचा विषय निघाला की कुणीतरी डाइकस्ट्रांचं नाव काढतं, मग दुसरा कुणीतरी चिडून आपला कमोडोर चालू करतो आणि १० नंबरची ओळ टाइप करायला घेतो.